तुटक्या केसांचं घराणं

जन्मले तेव्हा मला चांगलं दाट, काळं जावळ होतं, असं माय सांगते. काही महिन्यांत ते गळून गेलं आणि त्याच्या जागी जे उगवलं ते बोटाच्या पेराएवढंही कधी वाढलं नाही. केस यायचा, जरासा उंच व्हायचा आणि तुटायचा. उशीवर, ओढणीवर, वहीच्या पानांत त्याचे बारीक तुकडे सांडलेले असायचे. मानेच्या मागच्या बाजूला तर केसांपेक्षा पुटकुळ्याच जास्त. हात फिरवला की किसणीवरून फिरवल्यासारखं वाटे.

याचं कारण काय, ते आमच्या घरात मला बोलता यायच्या आधीच ठरून गेलं होतं. ठरवलं होतं आत्यानं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जैनथजवळच्या एका गावात दिलेली, पण सासरी राहूनही माहेरचा कारभार तिनं कधी सोडला नाही. बाबा आदिलाबादला कचेरीत कारकून होते, आमच्या घराण्यात महिन्याचा पगार घेणारे पहिले. त्यांना शाळेत आपण घातलं, पाटी आपण घेऊन दिली, हे आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. त्यामुळे तिच्यापुढे बाबांचं तोंड उघडत नसे. तिनं ठरवलं ते असं: मी पोटात असताना मायनं चुलीवर बकऱ्याची मुंडी भाजली होती. मुंडीवरचे केस जळाले, त्या जळक्या केसांचा धूर मायच्या पोटात गेला आणि पोरीचे केस तिथंच जळाले. झालं निदान.

"सांगतलं होतं ना वं तुले, पोटुशा बाईनं जाळाजवळ बसू नाई म्हनून?" आत्या म्हणायची.

ती मुंडी आत्याच्याच नवऱ्यानं आणली होती. भाजायला मायला बसवलं होतं आत्यानंच, कारण धुरानं तिचे स्वतःचे डोळे चुरचुरायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी बोललं नाही. मायही नाही. मायला ते खरंच वाटत होतं, आणि त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त चीड येते. माय वांकिडीकडच्या शेतमजुराच्या घरातली, थोडीफार शिकलेली. एवढ्या मोठ्या घरातली नणंद म्हणते म्हणजे असेल, असं धरून तिनं मटणाला हात लावणं सोडलं. सगळे जेवायला बसले की ती एका कोपऱ्यात चटणी-भाकर घेऊन बसे, आणि बाबा तिच्यासमोर नळी चोखत असत.

उपचारही आत्याच्याच हाती. दर उन्हाळ्यात माझं डोकं वस्तऱ्यानं साफ करायचं, म्हणजे पुढचे केस दाट येतील. मग सोललेला लसूण मानेवर घासायचा. पुटकुळ्या फुटून रक्त यायचं, त्यावर लसणाचा रस. मी ओरडायचे. आत्या दोन्ही गुडघ्यांत माझं डोकं धरून म्हणायची, "रडू नोको. आग झाली म्हंजे मुळं जागे होऊन राह्यले." मुळं काही जागी झाली नाहीत. एरंडेल झालं, जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला. बाजारात मोठ्या परातीत जडीबुटी मांडून बसणारा एकजण होता. त्याच्या पाठीवर कंबरेपर्यंत जटा होत्या आणि तीच त्याच्या तेलाची जाहिरात. त्याचं तेल लावून माझ्या कपाळावर फोड आले. डॉक्टरांचंही काही वेगळं नव्हतं. लहानपणी ज्या दोघातिघांकडे मला नेलं, त्यांतल्या एकानंही माझ्या डोक्याला बोट लावलं नाही. टेबलाच्या पलीकडूनच पाहिलं आणि "अशक्तपणा आहे" म्हणून लाल गोळ्या लिहून दिल्या.

शाळेत मला 'गुंडू' म्हणत. तेलुगूत गुंडू म्हणजे तुळतुळीत केलेलं डोकं. पोरांचं मी एक वेळ समजू शकते, पण आमचे एक सरही हजेरी घेताना हसून तेच म्हणायचे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, जीवशास्त्र शिकवू लागले, तेव्हा हेच सर निवृत्तीनंतर एका कार्यक्रमात भेटले. "तू हुशार निघणार हे मला तेव्हाच कळलं होतं," असं म्हणाले. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

नोकरीचं गाव तामसीच्या बाजूला. रोज आदिलाबादहून बस. माझं डोकं पाहून तेलुगू बायांना वाटायचं, ही देवाला केस वाहून आली. एक म्हातारी नेहमी भेटायची. तिनं पहिल्या दिवशी हात जोडून विचारलं, "मोक्कु तीर्चुकुन्नावा अम्मा?" म्हणजे नवस फेडून आलीस का गं. आम्ही बौद्ध माणसं, आमचा कसला नवस, पण गर्दीत वाद कोण घालणार? मी नुसती मान हलवली. तिनं मला सरकून जागा दिली, पिशवीतला पेरू काढून अर्धा माझ्या हातावर ठेवला. काही आठवडे हा मान मिळाला. मग तिला शंका आली की या बाईचे केस वाढत का नाहीत. तिनं विचारलं, मी खरं सांगितलं, की जन्मापासूनच असे आहेत. म्हातारीनं पिशवी मांडीवर घेतली, पदर आवरला आणि खिडकीकडे इतकी सरकली की मधे आणखी एक माणूस बसलं असतं. देवासाठी काढलेले केस पूज्य, आणि न आलेले केस विटाळ! तिच्या त्या देवाची मला कीवच आली.

लग्नाचं एकच स्थळ नीट चहापाण्यापर्यंत आलं. पैनगंगेच्या पलीकडचं, महाराष्ट्रातलं. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक. त्याला तिशीच्या आतच टक्कल पडलेलं होतं, कानांवर तेवढी झालर उरली होती. तो खाली मान घालून पोहे खात होता. त्याच्या आईनं मायला सांगितलं, "पोरीले पदर काढाले सांगा." मी पदर काढला. बाईनं उठून माझ्या मागे येऊन मान पाहिली, बैल घेताना पाहतात तशी.

"लग्नात टोप घालून उभी राहीन ना पोरगी?" तिनं विचारलं. माझ्याकडे न पाहता, मायकडे पाहून.

मायच्या आधी मीच बोलले. "आणि तुमचा मुलगा कोणता घालेल? माझ्याच मापाचा घेऊ का दोन?"

पोह्याचा चमचा थांबला. मध्यस्थानं डोळे मोठे केले. ते लोक गेल्यावर आत्या मायवर कडाडली, "केस त बिगडोलेच होते, जीभ बी तूच बिगडोली!" बाबा तिथंच खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यानंतर मी स्थळं बघू दिली नाहीत, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. मला नाकारणाऱ्या माणसांत एकही असा नव्हता की त्याच्याशी बसच्या एका फेरीइतकं बोलावंसं वाटलं असतं.

माझ्यापेक्षा बराच लहान एक भाऊ आहे. त्याचे समोरचे केस चांगले होते, मानेवर मात्र तो कायम मशीन फिरवून घ्यायचा. पोलिसांसारखी कटिंग त्याला आवडते, असंच सगळ्यांना वाटे. बाबा तर दर पंधरवड्याला डोक्याचा गोटाच करून घेत. कचेरीत पंखा नाही, गरम होतं, असं म्हणत. मग कचेरीत पंखे आले, पुढे बाबा निवृत्तही झाले, पण गोटा चालूच राहिला. पुरुषाच्या डोक्याला कोण प्रश्न विचारतं?

भावाला मुलगी झाली. तिचं जावळ गळलं आणि नंतर आले ते नुसते तुटके, खरखरीत तुकडे. ती माझ्यासारखीच झाली होती. बातमी जैनथपर्यंत जायला वेळ लागला नाही. आत्या ऑटोनं आली, पायही न धुता पाळण्यापाशी गेली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वहिनीकडे वळली. वहिनी तामसीकडची, झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर टायपिंग करायची.

"तू पार्लरात गेल्ती ना वं, पोटात असताना? केसायले कायनं काय लावून आल्ती?"

"एकदाच गेल्ती, आत्याबाई. निस्ते सरळ कापून आणले."

"मंग? भोगा आता!"

वहिनी रडू लागली. माय तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नोको. आता जलमभर आयकाव लागते. सवय होते." तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला तिथं बसवेना. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली आणि वहिनीला व बाळाला घेऊन मी आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

त्वचेच्या डॉक्टर एक तरुण तेलुगू बाई होत्या. त्यांनी बाळाला पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "इद्दरिकी?" दोघींना? आणि सरळ उठून माझ्या मानेवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत एखाद्या डॉक्टरचं बोट तिथं लागण्याची ती पहिली वेळ. त्यांनी माझा एक केस आणि बाळाचा एक केस काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि केसपेपरवरचा माझा व्यवसाय वाचून म्हणाल्या, "तुम्ही सायन्स टीचर ना? तुम्हीच बघा."

मी पाहिलं. केस सरळ नव्हता. जाड, बारीक, जाड, बारीक, अशी मण्यांची पोत ओवल्यासारखा दिसत होता. आणि प्रत्येक वेळी तो तुटला होता दोन मण्यांमधल्या बारीक जागी. या रोगाला मोनिलेथ्रिक्स म्हणतात, त्या म्हणाल्या. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो. त्या प्रथिनाचे धागे एकमेकांत पीळ घालून वळलेले असतात आणि त्या पिळानंच केसाला ताकद येते. धागा कसा बनवायचा हे ज्या जीनमध्ये लिहिलेलं असतं त्यातच एखादं अक्षर चुकलं तर पीळ बसत नाही. ही चूक आईबापांपैकी एकाकडून येते. एकाकडून आली तरी पुरते.

"धुरानं होतं का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. ते मला एका डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कसल्या धुरानं?"

मी मुंडीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, त्यांच्या कपाळाला आठी पडली. "घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही."

"तुमच्या वडिलांना?"

"ते गोटा करतात."

"का?"

मी पर्स उचलली आणि वहिनीला चल म्हटलं.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "बाबा, मान दाखवा." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल मानेवर ओढून घेतला. म्हणाले, "काय पायतं त्याच्यात?" मी टॉवेल ओढला. दोनतीन दिवसांपूर्वीच गोटा केला होता, तरी मानेवर त्या पुटकुळ्या होत्या आणि त्यांतून निघालेले कुसळासारखे तुकडे. माझ्या मानेवर असतात तशाच.

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी टॉवेल परत मानेवर घेतला. मग म्हणाले, "जाऊ दे ना आता. जुनं झालं."

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं कचेरीत लोकांच्या पहाण्या, म्हणजे आमच्याकडचे सातबारे, लिहिल्या. कोणती जमीन कुणाची, कोणत्या बापाकडून कोणत्या पोराकडे आली, याचा त्यांना पक्का हिशेब. आणि घरात बायको रोज कोपऱ्यात चटणी-भाकर खात असताना या गृहस्थाला एक वाक्य बोलता आलं नाही. मी त्यांना पूर्वी भित्रे समजत होते. त्या दिवसापासून तेवढंही समजत नाही.

डॉक्टरबाईंच्या ओळखीचे काही लोक हैद्राबादला केसांच्या जीनवर संशोधन करत होते. त्यांना मोठं कुटुंब हवं होतं. एका रविवारी एक प्रौढ सर आणि एक विद्यार्थिनी आमच्या घरी रक्त घ्यायला आले. मी सगळ्या नातेवाइकांना निरोप दिला होता. त्यांच्यात अशी अफवा पसरली की हैद्राबादचे मोठे डॉक्टर फुकट तपासणार आहेत. मग काय, अंगण भरलं. कुणी गुडघे दाखवू लागलं, कुणी शुगरच्या गोळ्यांची पट्टी पुढे करू लागलं. "केसं बिसं मंगा पाहा, पयले मायी कंबर पाहा," असं एका मावशीनं त्या सरांना बजावलं. सरांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, बंद बाटल्या सोबत आणल्या होत्या. खुर्चीवर बसण्याआधी रुमालानं पुसून घेतली. मला, बाबांना, भावाला आणि बाळाला एका रांगेत पाहून त्यांचा चेहरा मात्र खुलला. विद्यार्थिनीला म्हणाले, "व्हेरी गुड फॅमिली." आम्ही चांगले म्हणजे काय, तर आमच्यात बिघाड भरपूर होता.

त्यांनी बाबांना हिंदीत विचारलं, "आपके पिताजी को था?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पदर घट्ट लपेटून बाजेवर बसली होती. ती म्हणाली, "नाई. आमच्यात कोनालेच नाई. हे सारं इच्याकून आलं." आणि मायकडे बोट केलं.

कोपऱ्यात बाबांचे एक म्हातारे चुलतभाऊ बसले होते, ते मोठ्यानं हसले. "काऊन खोटं बोलून राह्यली वं? तुया बापाले सारं गाव खरखऱ्या म्हने. आमी पोट्टे त्याच्या मानीवर काडी घासून पळो."

ती विद्यार्थिनी साधी पोर, तिला मराठी कळत नव्हतं. ती आत्याजवळ जाऊन अदबीनं म्हणाली, "अम्मा, आपके बाल भी देखने हैं."

मला वाटलं आत्या उठून जाईल. ती उठली नाही. तिनं पदर खाली घेतला, अंबाड्यातले आकडे एकेक काढले आणि सबंध अंबाडा सोडवून मांडीवर ठेवला. ते गंगावन होतं. खाली पुढून मागे ओढलेले थोडे विरळ केस होते, आणि मागची सगळी बाजू, मानेपासून वरपर्यंत, माझ्यासारखी.

"घ्या, पाहा," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून, "मंग? सांगत फिरतो काय? मायं लगन कोनं केलं असतं? मायनं लसून घासू घासू मायी मान सोलली, तरी नाई आले. मंग गंगावन लावलं. काय चुकलं?"

तिला पाहून मला दया यायला हवी होती, असं नंतर वहिनी म्हणाली. मला आली नाही. आत्याला लसणाची आग माहीत होती. लसणानं काही होत नाही हेही तिला स्वतःच्या मानेवरून माहीत होतं. आणि तरी तिनं माझं डोकं गुडघ्यांत धरून वर्षानुवर्षं लसूण घासला, कारण उपचार चालू आहेत असं दिसलं की दोष आमच्यात नाही हेही दिसतं. एखादं माणूस अज्ञानानं क्रूर वागलं तर मी समजू शकते. ही सगळं जाणून वागली होती.

मग माय उठली. माय सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "साब, ये मेरे से आया क्या?"

सरांनी तिची पांढरी होत चाललेली जाड वेणी पाहिली, एक केस काढून भिंगाखाली धरला. "नहीं अम्मा. आपके बाल ठीक हैं. रिपोर्ट बाद में आएगी, लेकिन ये इनकी तरफ से है." त्यांनी बाबांकडे आणि आत्याकडे हात केला.

"जोर से बोलो."

सर गोंधळले. "क्या?"

"सबको आवाज जाना. जोर से बोलो."

सर खुर्चीवरून उठले आणि वर्गात बोलावं तशा आवाजात त्यांनी पुन्हा सांगितलं. माय म्हणाली, "फिर से." त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. गुडघेवाले, शुगरवाले, सगळे माना खाली घालून उभे होते. यातल्या प्रत्येकानं केव्हा ना केव्हा मायला मुंडीवरून टोमणा मारला होता. ती कंबरवाली मावशी तेवढी म्हणाली, "आता झालं नं? आता मायी कंबर पाहा."

सगळ्यांचं रक्त घेऊन झालं. आत्यानंही हात पुढे केला, कुरकुरली नाही. लोक गेल्यावर माय आत गेली, पिशवीत लुगडी भरली आणि वांकिडीला जाते म्हणाली. तिथं तिचा भाऊ राहतो. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "काऊन?" मायनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावानं तिला बसमध्ये बसवून दिलं.

काही दिवसांनी बाबा माझ्या खोलीत आले. मी पेपर तपासत होते. म्हणाले, "तू जाऊन तिले घेऊन ये. तुयं आयकते थे."

"मी काय बोललेय तिला? तुम्ही जा."

"मी जाऊन काय सांगू?"

"इतक्या वर्षांत सांगितलं नाही तेच."

बाबा गेले. वांकिडीच्या मामांनी त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. माय बाहेर आलीच नाही, वावरात कापूस वेचायला निघून गेली. बाबा संध्याकाळच्या बसनं एकटे परतले. त्या हिवाळ्यात ते वरण-भात शिकले. कच्चा शिजवत, मीठ विसरत, आणि वहिनी मदतीला गेली की मी तिला परत बोलावत असे. कापूस संपल्यावर माय आपणहून आली. बाबांनी माफी मागितली का? नाही. त्यांनी मागावी अशी अपेक्षा तिनं ठेवली का? तेही मला दिसलं नाही. ती आली आणि स्वैपाकघरात दोन ताटं वाढून एक बाबांच्या पुढ्यात ठेवलं, एक स्वतः घेतलं. आता कोपऱ्यात ती बसत नाही. बोलणं मात्र कामापुरतंच.

हैद्राबादच्या सरांचा फोन बऱ्याच महिन्यांनी आला. चूक सापडली होती. बाराव्या गुणसूत्रावर केसांच्या केराटिनचे जीन एका ओळीत बसलेले आहेत, त्यांतल्या केआरटी शहाऐंशी नावाच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं. त्यामुळे प्रथिनाच्या लांब साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आलेलं. एवढंच. बाबा, आत्या, भाऊ, मी आणि माझी भाची, सगळ्यांत तीच चूक. मी विचारलं, एकच चूक असून बाबांची फक्त मान आणि माझं सगळं डोकं असं का? म्हणाले, ते नक्की माहीत नाही. उपाय काय? म्हणाले, सध्या तरी काळजी घेणं. केस ओढू नका, रंग लावू नका, वाकडेतिकडे करू नका. म्हणजे जे काही मी दुसरीत असतानाच शिकले होते ते! मग मूळ कामाचं बोलले. आमचे फोटो छापायला परवानगी हवी होती, डोळ्यांवर पट्टी असेल म्हणाले. बाळाच्या फोटोला वहिनीनं नकार दिला, माझ्या मानेचा फोटो मी दिला. त्यानंतर सरांनी माझा फोन उचलला नाही. त्यांचा लेख निघाल्याचंही मला डॉक्टरबाईंकडून कळलं. इंटरनेटवर शोधला तर वरचा सारांश आणि घराण्याचा तक्ता एवढंच दिसलं, बाकीचं पैसे भरल्याशिवाय बंद. तक्त्यात पुरुष म्हणजे चौकोन, बाया म्हणजे गोल. ज्यांच्यात दोष ते काळे भरलेले. खरखऱ्या आजोबा, बाबा, आत्या, भाऊ, मी, भाची, सगळे काळे.

मायला मोबाइलवर दाखवलं. तिनं चष्मा लावला.

"हा गोल मी हाय?"

"हो."

"रिकामा काऊन?"

"तुझ्यात काही नाही म्हणून."

तिनं बोट लावून पाहिलं, तसा तक्ता मोठा झाला आणि पडद्याबाहेर सरकला. तो परत आणून तिनं पुन्हा पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला.

यंदा तामसीला वहिनीच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. भाची आता शाळेत जाते. तिला टोप नाही, ओढणी नाही, तशीच फिरते, आणि कुणी विचारलं तर "जीन आहे" असं सांगून खेळायला निघून जाते. मंडपात बायांच्या घोळक्यात आत्या बसली होती. मी मागून जेवणाच्या पंगतीकडे जात होते, तेव्हा तिचा आवाज ऐकू आला.

"आमच्या खानदानाचं रक्त हैद्राबादले नेलं," ती सांगत होती. "मोठमोठे डाक्टर आल्ते. आमच्यावर पुस्तक निंगालं. असं रक्त लाखात एखाद्याचं रायते म्हने." बाया तोंडात बोटं घालून ऐकत होत्या. तिनं भाचीला हाक मारून जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे पाहा, हे आमचंच. बापाकून येते."

कचेरीत नोकरी मिळाल्याचं सांगावं तशी ती सांगत होती. जी गोष्ट चाळीस वर्षं पाप होती, ती कागदावर छापून आली म्हणताच मिरवायची झाली. त्या बायाही काय, उद्या कुणी सांगितलं की यांच्या रक्तात विष आहे, तर ह्याच उठून लांब बसल्या असत्या.

माय शेजारच्या पंगतीत बसली होती, थोड्या अंतरावर. ताटात नुकतीच भाजी वाढली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठली, हात धुतले, भाचीला आत्याच्या हाताखालून काढून घेतलं आणि आत्याला म्हणाली, "बाई, पोरीच्या डोक्याले हात लावू नोको." मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. आत्या हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "काऊन वं, मायंच रक्त हाय नं?" माय भाचीचा हात धरून चालू लागली.

आम्ही तिघी बाहेर रस्त्यावर आलो. नवरदेवाची वरात अजून निघायची होती, बँडवाले झाडाखाली चहा पीत होते. मी ऑटो थांबवला. बसल्यावर माय म्हणाली, "तिच्या घरचं बोलावणं आलं त मले सांगू नोको."

"बरं."

"आन तुया बाबाले जायाचं असन त जाऊ दे. त्याचीच बहीन हाय."

भाची मधे बसली होती. तिनं भूक लागल्याचं सांगितलं. लग्नात ती जेवली नव्हती, मायही नाही. मायनं ड्रायव्हरला तेलुगूत सांगितलं, की रस्त्यात मिरची-भजी तळणारं दुकान दिसलं की थांब, आणि तो हो म्हणून निघाला.